पानांची आरास

आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. घर मोठें, माणसें अकरा, आणि बाग म्हणावयाची ती घर व शेजारची चार मजली इमारत यांच्यामधली आठ हात रुंदीची पट्टी. सकाळचें ऊन तेथें घटका दोन घटका येतें आणि निघून जातें. गुलाब लावले, ते काड्यांसारखे उभे राहिले; मोगऱ्यानें पानें दिलीं, कळी दिली नाहीं; शेवंती तर पहिल्याच पावसांत गेली. "फुलें येतच नाहींत तर फरशी घालून मोकळें व्हावें, असें घरांतील मंडळींचें म्हणणें पडत आहे," असें त्या लिहितात आणि आमचें मत विचारतात.

आमचें मत असें कीं फरशी घालूं नये. जी जागा फूल देत नाहीं तिच्याकडून पान घ्यावें. क्रोटन, कोलियस, कॅलेडियम, मरांटा इत्यादि उष्ण कटिबंधांतील रंगीत पानांचीं झाडें अशा अर्धवट उजेडाच्या जागेचें सोनें करतात. मात्र हें मत देऊन स्वस्थ बसणें आम्हांस बरें वाटत नाहीं. याच झाडांपायीं आमच्या स्वतःच्या घरीं एक वाद झाला आणि एक चूकहि झाली. ती चूक लहानसहान नव्हती. तेव्हां जें सांगावयाचें तें अनुभवासकट सांगतों.

आमच्या घरीं आत्याबाई आहेत. वय आज नव्वदीपार. देवपूजेचा अधिकार अद्यापि त्यांचाच. २०१२ सालीं आम्हीं परसांतल्या सावलींत क्रोटनच्या चार व कोलियसच्या सहा कुंड्या आणून मांडल्या, त्या दिवशीं आत्याबाई हातांत परडी घेऊन परसभर हिंडल्या आणि ओसरीवर येऊन म्हणाल्या, "अरे, याचें फूल देवाला नाहीं, फळ पोरांना नाहीं, पान भाजीला नाहीं. मग या जांवयांना रोज पाणी कां म्हणून द्यायचें?"

उत्तर आम्हांस सुचलें नाहीं असें नाहीं. परंतु वडील माणसांपुढें उत्तर सुचणें आणि तें देणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढें हरतालिकेच्या आदल्या दिवशीं त्या पत्री निवडीत बसल्या असतां आम्हीं धीर करून म्हटलें कीं, आत्याबाई, आपल्या घरचे सण तरी कशावर चालतात? शंकराला बेल, विष्णूला तुळस, गणपतीला दूर्वा आणि एकवीस पत्री, दसऱ्याला आपटा, पाहुण्याला विडा, जेवायला केळीचें पान. फुलाचा मान मोठा खरा, पण पानावांचून आपलें एकहि कार्य तडीस जात नाहीं. आत्याबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "तीं देवाचीं पानें. हीं तुझ्या हौसेचीं."

हौस हा शब्द आम्हांस मान्य आहे. तूर्त त्याहून मोठें समर्थन आम्ही करीत नाहीं.

आतां हीं झाडें मुळांत कोठलीं तें पाहूं, कारण झाडाचें माहेर कळलें म्हणजे त्याच्या संगोपनाचें निम्में शास्त्र कळतें. यांतील बहुतेक विषुववृत्ताजवळच्या घनदाट अरण्यांत, उंच वृक्षांच्या पायथ्याशीं वाढणारीं आहेत. तेथें वर पर्णांचें छत इतकें दाट असतें कीं जमिनीपर्यंत उजेडाचा अगदीं थोडा अंश पोंचतो. तो वेंचून घेण्याकरितां पान रुंद, पातळ आणि पसरट झालें. तेथें थंडीची लाट नाहीं, कोरडा वारा नाहीं. बारा महिने हवा दमट, आणि पायाखालीं कुजलेल्या पाल्याचा भुसभुशीत थर. कॅलेडियम, डिफेनबेकिया व मॉन्स्टेरा हीं अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतलीं. कोलियस आग्नेय आशियांतलें. क्रोटन इंडोनेशिया, न्यू गिनी आणि प्रशांत महासागराच्या पश्चिमेकडील बेटांतलें. घरोघरीं बाटलींत वाढणारा तो मनी प्लांट मूळचा ताहितीशेजारच्या मूरेआ बेटावरचा.

इतक्या दूरदूरचीं झाडें आमच्या दारीं आलीं कशीं, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. लंडनमध्यें नॅथॅनिएल वॉर्ड नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्यांची फार आवड. परंतु शहरांतील दगडी कोळशाच्या धुरानें लावलेला प्रत्येक नेचा मरे. १८२९ सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत घालून तो झांकणाच्या कांचेच्या बरणींत ठेवला. पतंगाकडे लक्ष ठेवतां ठेवतां त्यांच्या दृष्टीस पडलें कीं बरणीच्या मातींतून एक नेचा आणि एक गवताचें पातें आपोआप उगवलें आहे. दिवसा मातींतील ओल वाफ होऊन कांचेला लागे आणि तीच थंड होऊन पुन्हां मातींत उतरे. वरून थेंबभर पाणी न घालतां तीं इवलीं रोपें जवळजवळ चार वर्षें जगलीं. बाहेर बागेंत जें साधलें नाहीं तें बंद बरणीनें साधलें!

यावरून वॉर्डसाहेबांनीं कांचेच्या पेट्या करविल्या आणि १८३३ सालीं रोपांनीं भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून सिडनीस पाठविल्या. महिनोन्महिन्यांच्या प्रवासानंतर रोपें जिवंत उतरलीं. त्यापूर्वीं समुद्रावरून नेलेल्या रोपांपैकीं बहुतेक खाऱ्या वाऱ्यानें व गोड्या पाण्याच्या टंचाईनें वाटेंतच मरत. या पेट्यांनीं जगाच्या बागांचेंच नव्हे तर शेतीचेंहि चित्र बदललें. चीनमधून चहाचीं रोपें हिमालयाच्या पायथ्याशीं आलीं तीं अशाच पेट्यांतून, आणि हिवतापावरील कोयनेल ज्यापासून होतें त्या सिंकोनाचीं रोपें १८६० नंतर दक्षिण अमेरिकेंतून निलगिरीवर आणण्याच्या कामींहि याच पेट्या उपयोगीं पडल्या. आमचा सकाळचा चहा आणि आमच्या आजोबांचा हिवतापाचा डोस, दोन्हींवर त्या बरणीचे उपकार आहेत.

पेट्या हातीं येतांच रोपांचे व्यापारी जगभर फिरूं लागले. लंडनच्या व्हीच घराण्यांतील जॉन गूल्ड व्हीच हा तरुण १८६४ सालीं ऑस्ट्रेलिया व दक्षिण समुद्रांतील बेटांच्या सफरीस निघाला आणि परततांना रंगीत पानांचीं कितीएक झाडें घेऊन आला. त्यांत क्रोटनचे नानाविध प्रकार होते. बिचारा अवघ्या एकतीस वर्षांचा असतां १८७० सालीं क्षयानें वारला. त्याच काळांत इकडे मुंबईंत भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालीं लोकांस खुली झाली होती. परदेशी झाडें जवळून पाहण्याची सोय आमच्या लोकांना झाली ती अशा बागांमुळें. पुण्यास एम्प्रेस बागेंत जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतें, तेथें आजहि फुलांइतकीच गर्दी रंगीत पानांच्या कुंड्यांपुढें असते.

असो. परदेशी म्हटलें म्हणून हीं झाडें आपणांस अगदींच परकीं आहेत असें मात्र कोणी समजूं नये. त्यांचीं घराणीं पाहिलीं तर आपल्या स्वयंपाकघरांत आणि वृंदावनांत त्यांचे सख्खे चुलत निघतात. क्रोटन हें एरंडाच्या कुळांतलें. एकादशीचा साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाहि त्याच कुळांतला. गंमत अशी कीं बागेंतल्या क्रोटनला क्रोटन म्हणणें ही शास्त्रदृष्ट्या चूकच आहे. त्याचें शास्त्रीय नांव कोडियम. खरें क्रोटन निराळें, आणि त्यांतील आपल्या ओळखीचा गृहस्थ म्हणजे जमालगोटा! मरांटा आरारुटाच्या घराण्यांतला, आणि त्याचें दूरचें नातें हळद, कर्दळ व केळ यांच्याशीं पोंचतें. कॅलेडियम, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, मनी प्लांट हीं सारीं अळवाचीं भावंडें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. तिच्याकडे पुढें यावयाचें आहे.

कोलियसचें नातें तर तुळशीशीं. हें आम्हांस पुस्तकानें सांगितलें, आणि आत्याबाईंना त्यांच्या बोटांनीं. कुंड्या आणल्यास तीन महिने झाले असतील. एके सकाळीं पाहतों तों आत्याबाई कोलियसपुढें उभ्या राहून शेंड्यावरचे निळसर तुरे खुडीत आहेत. आम्हीं विचारण्यापूर्वींच म्हणाल्या, "तुळशीसारख्याच मंजिऱ्या आहेत हिच्या. खुडल्या नाहींत तर वाळून जाईल." आणि तें अक्षरशः खरें होतें. कोलियसला तुरे धरूं दिले कीं झाडाचा सारा जोर बीं धरण्याकडे जातो, पानें लहान होतात आणि झाड उतरणीस लागतें. आम्हीं त्यांस खोड चिमटींत धरून पाहावयास सांगितलें. तें गोल नव्हे, चौकोनी लागतें, तुळशीचेंहि तसेंच. त्यांनीं एकदां हें खोड चांचपलें, एकदां वृंदावनांतलें चांचपलें, आणि कांहीं न बोलतां आंत गेल्या. त्या दिवसापासून कोलियसच्या मंजिऱ्यांचें काम त्यांच्याकडे आहे.

आतां लागवडीकडे वळूं. प्रथम हवा. कोंकणांत व गोव्यांत हीं झाडें माहेरीं आल्यासारखीं वागतात. जुन्या घरांच्या आवारांत क्रोटन पुरुषभर उंच होऊन कुंपणाचें काम करतें आणि कोणी त्याला विचारीतहि नाहीं. देशावर मात्र फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत जी कोरडी हवा असते ती यांची परीक्षा पाहते. पानांच्या कडा करपतात, आणि पानाखालीं लाल कोळी जाळें विणूं लागतो. त्यावर उपाय असा कीं कुंड्या एकएकट्या विखरून न ठेवतां एकमेकींना लावून ठेवाव्या, म्हणजे पानांनीं सोडलेली ओल त्यांच्यांतच राहते. दुपारचें ऊन चुकवावें. आणि सकाळीं पानांवर, विशेषतः पानांच्या खालच्या अंगास, पाण्याचा फवारा द्यावा. पिठ्या ढेकूण दिसला तर लीटरभर पाण्यांत चहाचा चमचाभर कडुनिंबाचें तेल व थोडें साबणाचें पाणी मिसळून आठवड्यानें दोन तीन वेळां फवारावें. ऊन उतरल्यावर, भर दुपारीं कदापि नव्हे.

माती हा देशावरचा दुसरा अडथळा. आमची काळी माती शेताला सोन्यासारखी असली तरी कुंडींत कामाची नाहीं. भिजली कीं चिखल आणि वाळली कीं दगड. दोन भाग तांबडी माती, एक भाग मुरलेलें शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कुजलेला पाला, थोडी जाड वाळू आणि नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, असें मिश्रण आम्ही वापरतों. कुंडीच्या भोंकावर खापरी ठेवावयास विसरूं नये. विहिरीचें अगर बोअरचें जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात आणि कालांतरानें नवीन पानें शिरा हिरव्या ठेवून पिंवळीं पडूं लागतात. पावसाळ्यांत पन्हळीचें पाणी पिंपांत धरून ठेवावें. या झाडांना त्यासारखें दुसरें औषध नाहीं.

पाण्याविषयीं एक गोष्ट एकत्र कुटुंबाच्या घरांस मुद्दाम सांगावयाची आहे, कारण ती कोणत्याहि पुस्तकांत आम्हांस आढळली नाहीं. आमच्या पहिल्या दहा कुंड्यांपैकीं तीन दोन महिन्यांत गेल्या. कारण शोधतां शोधतां असें निघालें कीं सकाळीं दादा फिरून आले कीं तांब्याभर पाणी घालीत. आठ वाजतां धाकट्या वहिनी भाजी धुतलेलें पाणी ओतीत. शाळेंतून आल्यावर मुलें आपली हौस भागवीत. आणि रात्रीं आम्ही दिवसभर कोणाचें लक्ष गेलें नसेल अशा समजुतीनें पुन्हां पाणी घालीत होतों. झाडें तहानेनें मेलीं नाहींत, आपुलकींत बुडून मेलीं. जास्त पाण्यानें मुळांना हवा मिळत नाहीं आणि तीं कुजतात. वरून पान मात्र तहानेल्यासारखेंच मलूल दिसतें, म्हणून आणखी पाणी पडतें. तेव्हांपासून आमच्याकडे नियम आहे कीं पाणी एकानेंच घालावयाचें, आणि तेंहि बोट पेरभर मातींत खुपसून पाहिल्यावर. बोटाला ओल लागली तर त्या दिवशीं सुट्टी.

क्रोटनची तऱ्हा इतरांहून वेगळी आहे. तें सावलींत जगतें, पण रंगत नाहीं. तांबडा, केशरी, पिंवळा हे त्याचे रंग खुलावयास दिवसांतून चार तास तरी सकाळचें ऊन हवें. तें मिळालें नाहीं तर नवीं पानें हिरवींच येतात आणि लोक म्हणतात कीं दुकानदारानें फसविलें. दुसरी तक्रार पानगळीची. रोपवाटिकेंतून डौलदार क्रोटन आणावें आणि आठ दिवसांत त्याचीं निम्मीं पानें गळावीं, हा प्रकार इतका सर्रास घडतो कीं त्याला आम्ही क्रोटनचा सासुरवास म्हणतों. रोपवाटिकेंतल्या जाळीखालच्या दमट हवेंतून तें एकदम आपल्या ओसरीवर येतें, त्याचा हा परिणाम. अशा वेळीं घाबरून कुंडी बदलूं नये, खत घालूं नये, जागा तर मुळींच हलवूं नये. दोन तीन आठवडे उजेडाच्या सावलींत ठेवावें, मग थोडें थोडें ऊन दाखवावें. फांदी हिरवी असेल तर पानें परत येतात.

क्रोटनची वाढ करावयाची ती गुटी बांधून. आषाढ-श्रावणांत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर बोटभर रुंदीची साल गोल काढावी, आंतला बुळबुळीत थर खरवडावा, भोंवतीं ओलें शेवाळ बांधून वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळावें. चार ते सहा आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरीं मुळें दिसतात. मग खालून कापून कुंडींत लावावें. याचा चीक कोणाकोणाच्या कातडीस झोंबतो, यासाठीं हात धुतल्यावांचून डोळ्यांस लावूं नयेत. कोलियसला एवढी यातायात नको. शेंडा तोडून पाण्याच्या पेल्यांत ठेवला कीं आठ दहा दिवसांत मुळें. आणि झाड वर्षभरांत लांबट व भकास होतेंच, म्हणून दर पावसाळ्यांत नवीन शेंडे लावणें बरें. मनी प्लांट भिंतीवर किंवा झाडावर चढूं दिला तर पान सुपाएवढें होतें, खालीं लोंबता ठेवला तर तळहाताहून मोठें होत नाहीं. त्याला फूल कां येत नाहीं याचेंहि कोडें २०१६ सालीं उलगडलें: फुलोऱ्याची आज्ञा देणारें जिबरेलिन नांवाचें द्रव्य तयार करण्याची त्याची शक्तीच खुंटलेली आहे. मरांट्याविषयीं एवढेंच सांगतों कीं सायंकाळीं त्याचीं पानें हात जोडल्याप्रमाणें उभीं मिटतात आणि सकाळीं पसरतात. आमच्या घरांतील मुलांपेक्षां तो संध्येस अधिक नियमित आहे.

आतां त्या चुकीकडे. २०१४ सालच्या भाद्रपदांत गौरी यावयाच्या होत्या. क्रोटनचीं पानें आराशींत लावण्यास आत्याबाईंनीं त्या वर्षीं प्रथमच संमति दिली होती, त्या आनंदांत आम्हीं परसांतली डिफेनबेकियाची मोठी कुंडी उचलून माजघरांत गौरींच्या बाजूला आणून ठेवली. हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे. समईच्या उजेडांत तें झाड फारच शोभलें. घर पाहुण्यांनीं भरलेलें. दुपारीं पंगत चालू असतां पुतण्याच्या तीन वर्षांच्या मुलानें त्याचें पान देठासकट तोडलें आणि चावलें. क्षणभरानें जो आकांत झाला तो आम्ही विसरूं शकत नाहीं. पोराच्या तोंडांतून लाळ गळत होती, ओठ व जीभ सुजूं लागली होती, आणि रडावयासहि त्याला तोंड मिटतां येत नव्हतें.

घरांत पदवीधर माणसें सात. कोणालाहि काय करावें तें सुचेना. आत्याबाईंनीं तुटलेलें पान हातीं घेतलें, देठ मोडून पाहिला आणि म्हणाल्या, "हें अळूच कीं रे! कच्चें अळू खाल्लंन् यानें." त्यांनीं ओल्या फडक्यानें त्याचें तोंड आंतून पुसून काढलें, गार पाण्यानें धुतलें आणि घोट घोट गार दूध पाजलें. आम्ही पानाचा तुकडा बरोबर घेऊन तडक डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं उपचार केले, श्वासाला अडथळा होत नाहीं ना हें पाहण्यासाठीं सायंकाळपर्यंत बसवून ठेवलें, आणि केलें तें योग्य केलें असें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सूज उतरली. मूल बचावलें, परंतु सूज घशांत अधिक वाढती तर काय, हा विचार त्या रात्रीं घरांत कोणाच्याहि मनांतून गेला नाहीं, आणि मुलाच्या आईच्या डोळ्यांस डोळा देणें आम्हांस कित्येक दिवस जड गेलें.

झाड विकणाऱ्यानें सावध केलें नव्हतें हें खरें. पण आम्हींहि विचारलें नव्हतें, आणि अळवाचें कूळ ठाऊक असतां त्याचा अर्थ मनांत आणला नव्हता. या कुळांतील झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्यांनीं भरलेले असतात. पान चावलें कीं त्या सुया सुटून जिभेंत, ओठांत व घशांत रुततात. अळवाची, सुरणाची खाज ती हीच. म्हणून तर आमच्या बायका अळू चिरतांना हाताला तेल लावतात, चिंच घालतात आणि भरपूर शिजवितात. डिफेनबेकियांत हा प्रकार इतका तीव्र कीं इंग्रजींत त्याचें नांवच मुकें करणारा ऊंस अशा अर्थाचें आहे. मात्र शिजवून खाज जाते म्हणून शोभेचें पान कोणी शिजवावयास जाऊं नये. अळू तें अळू आणि हें तें हें.

वाचकांनीं एवढें करावें. डिफेनबेकिया, कॅलेडियम, मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अॅग्लोनेमा, सिंगोनियम हीं रांगत्या व चालूं लागलेल्या मुलांच्या हातीं लागतील अशीं ठेवूं नयेत; कुत्र्यामांजरांसहि तींच बाधतात. घरांत पांच वर्षांच्या आंतलें मूल असेल तर डिफेनबेकिया आणूंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे. कोणी चावलेंच तर तोंड पुसून व धुऊन गार दूध किंवा पाणी द्यावें, वांति करवूं नये, आणि सूज दिसतांच किंवा श्वास लागतांच वेळ न दवडतां दवाखाना गांठावा. झाडाचें पान बरोबर न्यावें. मरांटा व त्याचा भाऊ कॅलेथिया यांपासून मुलांस असें भय नाहीं. छाटलेल्या वेलींचे तुकडे ओढ्याच्या कांठीं फेंकण्याचीहि एक वाईट संवय दिसते. ते तेथें रुजतात आणि रानच्या झाडोऱ्यास गुदमरवतात. ते वाळवून खताच्या खड्ड्यांत टाकावे.

जातां जातां एका समजुतीविषयीं. हीं झाडें खोलींतील हवा शुद्ध करतात असें सांगून हल्लीं दुप्पट किंमत घेतात. याला आधार दाखवितात तो अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ सालच्या प्रयोगांचा. परंतु ते लहान बंद पेट्यांत केलेले होते. २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हां असें दिसलें कीं नेहमींच्या वाऱ्यानें जेवढी हवा बदलते तेवढें काम झाडांकडून करून घ्यावयाचें तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडें लागतील. मग माणसांनीं राहावें कोठें? खिडकी उघडावी, तें स्वस्त पडतें.

तर आमच्या वाचकभगिनींनीं त्या आठ हातांच्या पट्टींत जेथें सकाळचें ऊन येतें त्या टोंकास दोन क्रोटनें लावावीं, मध्यें कोलियसची रांग धरावी, आणि अगदीं सावलीच्या कोपऱ्यांत मरांटा व नेचे ठेवावे. मुलें मोठीं असलीं तर कोलियसच्या मागें कॅलेडियम अवश्य लावावें. पावसाळ्यांत त्याच्या पानांवर जे गुलाबी व पांढरे रंग चढतात त्यांस तोड नाहीं. कार्तिक संपतां संपतां कॅलेडियमचीं पानें पिंवळीं पडून लोळतात. झाड मेलें समजून तें उपटून टाकूं नये. तें निजलें आहे. पाणी बंद करावें, माती वाळली कीं कंद काढून सावलींत सुकवावे, कोरड्या वाळूंत घालून डब्यांत ठेवावे, आणि चैत्र संपतांना डोळा वर करून दोन बोटें खोल पुन्हां लावावे.

हे कंद दिसावयास हुबेहूब अळकुड्यांसारखे असतात. पहिल्या वर्षीं आम्हीं तो डबा स्वयंपाकघराच्या फडताळांत, अळकुड्यांच्या टोपलीशेजारींच ठेवला होता. गौरींच्या त्या प्रसंगानंतर आत्याबाईंनीं तो तेथून उचलवून माळ्यावर ठेवविला आणि झांकणावर चुन्यानें आपल्या हातानें लिहिलें: "खायचे नव्हेत." दर वर्षीं डबा खालीं उतरतो, कंद कुंड्यांत जातात, आणि मार्गशीर्षांत तो पुन्हां वर चढतो. अक्षर पुसट झालें असेल तर वर चढविण्यापूर्वीं त्या चुन्याची डबी मागून घेतात आणि तें गिरवतात.